जुना लोडर ट्रॅक्टर घेताय? आधी ऑईल तापू द्या

भाऊ, दिंडोरीकडं जुना लोडरवाला ट्रॅक्टर बघितला, मालकानं बकेट वरखाली करून दाखवली, मक्खन चालली, घेऊ का, असं विचारलंय तुम्ही. रिकामी बकेट कुठलाबी ट्रॅक्टर उचलतो हो, त्यावर जाऊ नका.

मी स्वतः असाच फसलोय. जानेवारीत सकाळी सातला निफाडकडं जाऊन लोडर बघितला, तिथली थंडी माहितीच आहे तुम्हाला, आणि थंडीत बकेट उचलणारं हायड्रोलिकचं ऑईल काकवीसारखं घट्ट, मग झिजलेला पंप काय नि गेलेलं सील काय, सगळं झाकून जातं. बकेट वर धरली तर तसूभर हलेना, खुश होऊन इसार देऊन आलो. एप्रिलात शेणखत भरायला काढला तर तासाभरात भरलेली बकेट ट्रॉलीच्या फाळक्यापर्यंत जाईना, गेलीच तर ट्रॉली मागं घेईस्तोवर हातभर खाली.

म्हणून दुपारी जा, पण "मी यायच्या आधी स्टार्टर मारायचा नाही" असं मालकाला सांगून ठेवा, गेल्यावर पहिला हात इंजिनला लावून बघा, गरम असेल तर आधीच चालवून ठेवलाय. मग हायड्रोलिकच्या ऑईलची डिपस्टिक (ऑईल मोजायची पट्टी) काढा. ऑईल दुधाच्या चहासारखं दिसलं तर पाणी गेलंय, जळका वास आला तर तापवून तापवून वापरलंय, दोन बोटांत चोळून चमकी दिसली तर आत धातू झिजतोय (बऱ्याच ट्रॅक्टरला गिअर आणि हायड्रोलिकचं ऑईल एकच असतं, म्हणजे ती चमकी गिअरबॉक्सचीपण असू शकते, ते तर अजून महागात). चालू केल्यावर पंप थोडा वेळ कुईं करतो ते चालतं, पण थांबतच नसेल तर सक्शन फिल्टर (पंपाआधीची गाळणी) चोक असतो नाहीतर कुठून तरी हवा ओढतोय.

आता खरं काम. बकेटमध्ये ओली माती भरून अर्धा तास चालवायचा, लाजायचं नाही, पैसे आपले जाणारेत. ऑईल चांगलं तापलं की भरलेली बकेट छातीइतकी वर घ्या, इंजिन बंद करा, आणि जॅकचा (आर्म उचलणाऱ्या सिलेंडरचा) रॉड जिथं आत जातो तिथून बोटभर अंतरावर मार्करनं रेघ मारा. बाजूला उभं राहून मारा, आर्मच्या खाली कोणी जायचं नाही. दहा मिनिटं चहा प्या. रेघ थोडी सरकली तर मी काही म्हणत नाही, कंट्रोल वॉल्व्हमधून (लिव्हरनं ऑईलची वाट बदलतो तो) थोडं ऑईल सगळ्यांचंच सरकतं, पण पाच मिनिटांत आत गायब झाली तर भाव पाडा नाहीतर सोडा. सील किट स्वस्तात होतं, कंट्रोल वॉल्व्हचा स्पूल (आतला सरकता दांडा) झिजला असेल तर बहुतेक अख्खा वॉल्व्हच बदलायला लागतो. नेमकं काय ते होज (ऑईलचा रबरी पाईप) सोडून तोंडाला प्लग मारल्यावर कळतं, मिस्त्रीला सोबत न्या.

मग बकेट जमिनीला टेकवा, इंजिन बंद, रॉडवरून नख फिरवा. नख अडकलं, क्रोम उडालेलं लागलं, तर नवीन सीलपण तो रॉड फाडणार. होजची तार दिसत असली तरी घाबरू नका, नाशिकला अंबड-सातपूर एमआयडीसीत नवीन प्रेस करून मिळतात. फक्त चालू मशीनवर लीकेज हातानं चाचपू नका! बारीक भोकातली धार कातडीत घुसते, वरून सुई टोचल्यासारखं दिसतं आणि आत हात सडतो, तसं झालंच तर थेट सर्जनकडं पळायचं. पुठ्ठा धरून बघा.

शेवटी बकेट पूर्ण वळवून लिव्हर दोन-तीन सेकंद दाबून धरा. इंजिनवर लोड आला, रिलीफ वॉल्व्ह (जादा प्रेशर सोडणारा) सुस्कारला, तर ठीक. काहीच झालं नाही तर प्रेशर कमी आहे, मिस्त्रीकडून गेज लावून मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून घ्या, पण तेही गरम ऑईलवरच. आणि रिलीफच्या नटाचा रंग पान्यानं खरवडलेला दिसला तर कोणीतरी प्रेशर वाढवून दुबळा पंप लपवलाय असं धरा, मग आर्मच्या वेल्डिंगला आणि चेसिसच्या ब्रॅकेटला तडे शोधा.

मालक म्हणाला "सकाळी लवकर या, ऊन नको", तर माझा निफाडचा माणूसपण हेच म्हणाला होता.