वाचक विचारतात: मार खाऊन समजूत काढणारी

प्रश्न: मेक्सिकन-अमेरिकन लेखिका सांद्रा सिस्नेरोस यांचा ‘वुमन हॉलरिंग क्रीक’ (1991) हा कथासंग्रह वाचला. मेक्सिकन नवरे मारतात आणि बायका सोसतात, एवढंच का ‘माचिस्मो’, म्हणजे पुरुषीपणाचा ताठा? स्वतःच्याच समाजाची ही बदनामी नाही का?
— एक वाचक, सातारा

उत्तर: मला ती बदनामी वाटत नाही, कारण सिस्नेरोस मारणाऱ्या हातापाशी थांबत नाहीत. शीर्षककथेतला हुआन पेद्रो बायकोला मारतो आणि मग स्वतःच लहान मुलासारखा रडतो. क्लेओफिलास त्याच्या केसांवरून हात फिरवत राहते. इथे मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. मार खाल्ला तिनं, आणि समजूतही तिनंच काढायची! पुढे एकदा तो तिच्या तोंडावर पुस्तक फेकतो, तिची लाडकी प्रेमकथा. गालावर वळ उठतो, पण तिला जास्त लागतं ते ‘माझंच पुस्तक’ हे.

त्यांची आधीची कादंबरी ‘द हाउस ऑन मँगो स्ट्रीट’ (1984) जरूर वाचा. शिकागोतल्या त्या गल्लीत खिडकीत बसलेल्या बायकाच बायका आहेत. राफाएला देखणी, पळून जाईल या भीतीनं नवरा तिला कोंडून ठेवतो. मंगळवारी तो डॉमिनो खेळायला गेला की ती वरून दोरी सोडते आणि खालची मुलं पिशवीत नारळाचा किंवा पपईचा रस बांधून देतात. एस्पेरांझा ही मुलगी मात्र ठरवते, जेवून उठताना पुरुषासारखं उठायचं, खुर्ची सरकवायची नाही, ताट उचलायचं नाही. भावांची ताटं उचलत वाढलेल्या मला हे वाक्य फार जवळचं आहे.

‘सोसतात’ म्हणालात, म्हणून शीर्षककथेतल्याच फेलिसे या बाईकडे पुन्हा एकदा बघा. पोटुशी क्लेओफिलास माहेरी निघते, तेव्हा तिला बसपर्यंत पोचवायला हीच येते. पिकअप नवऱ्याचा का, असं क्लेओफिलास विचारते. फेलिसेला नवराच नाही. गाडी तिनं स्वतः निवडली, हप्तेही तीच भरते. शीर्षकातल्या त्या ‘आरोळी ठोकणाऱ्या बाईच्या ओढ्या’चा पूल आला की ती मोठ्यानं आरोळी ठोकते. क्लेओफिलास आणि तिचा मुलगा दचकतात. मग हसू फुटतं, आणि ते फेलिसेचं नसतं, क्लेओफिलासच्याच गळ्यातून येत असतं.