जंत, इओसिनोफिल आणि स्टेरॉइड: वाचकांचे प्रश्न

‘रिपोर्टमध्ये इओसिनोफिल वाढलेत, म्हणजे पोटात जंत आहेत ना?’ इओसिनोफिल म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. हा प्रश्न इतक्या वेळा येतो की या वेळी जंत आणि रोगप्रतिकारशक्ती यांवरचेच प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न: मुलगा गूळ-साखर फार खातो. त्याने जंत होतात का?

नाही. जंतांची अंडी मातीतून, न धुतलेल्या भाजीतून आणि अस्वच्छ हातांतून पोटात जातात.

प्रश्न: सीबीसीत (रक्तपेशींच्या तपासणीत) इओसिनोफिल ११ टक्के आले. शौचाच्या तपासणीत काहीच नाही. मग खरे काय?

टक्के नव्हे, एकूण संख्या पाहा. पांढऱ्या पेशी ७,००० असतील, तर ११ टक्के म्हणजे ७७०. साधारण ५०० पर्यंत ठीक मानतात, म्हणजे ही वाढ किरकोळ आहे. ती ॲलर्जीने, दम्याने, एखाद्या औषधानेही होते.

जंतांमुळे इओसिनोफिल खूप वाढतात ते मुख्यतः अळ्या शरीराच्या पेशीजालातून फिरत असताना. गोल जंताची अळी आतड्यातून रक्तात, तिथून फुप्फुसात जाते आणि घशातून गिळली जाऊन पुन्हा आतड्यात येते. या काळात खोकला असतो, इओसिनोफिल चढलेले असतात. पण मादी अंडी घालू लागायला दोन-तीन महिने लागतात. तोवर शौचात काहीच सापडत नाही. उलट लहान मुलांना रात्री गुदद्वाराशी खाज आणणारे सुतासारखे जंत आतड्याच्या पोकळीतच राहतात, म्हणून त्यात इओसिनोफिल बहुधा वाढत नाहीत.

वेगवेगळ्या दिवशी शौचाचे तीन नमुने द्या. संख्या १,५०० च्या वर टिकून राहिली, तर फिजिशियनकडे जाच. दीर्घकाळ वाढलेल्या या पेशी हृदयालाही इजा करू शकतात.

प्रश्न: एकदा जंत होऊन गेले तरी पुन्हा का होतात? शरीर ते ओळखायला शिकत नाही का?

शिकते, पण अपुरे. जिवाणूला पांढरी पेशी गिळू शकते. वीतभर लांब जंताला नाही. म्हणून आतडे त्याला हुसकावण्याचा मार्ग धरते. अस्तरातल्या टफ्ट पेशी कृमीची चाहूल घेतात, त्यांच्या संदेशाने इंटरल्युकिन-१३ हे निरोप्या प्रथिन स्रवते, चिकट श्लेष्म वाढतो, अस्तर भरभर बदलते, आतड्याची हालचाल वाढते. जंतही गप्प बसत नाही. तो असे पदार्थ सोडतो की प्रतिकार आवरणाऱ्या टी-पेशी (याही पांढऱ्या पेशीच) वाढतात आणि हल्ला सौम्य होतो. गोल जंत असा वर्ष-दोन वर्षे राहतो. गोळीने गेला तरी दूषित मातीतून पुन्हा येतो. राष्ट्रीय जंतनाशक दिनी अल्बेंडाझोलची गोळी पुन्हा पुन्हा देतात ती यासाठीच: १ ते २ वर्षांच्या मुलांना २०० मिलिग्रॅम, त्यापुढे १९ वर्षांपर्यंत ४०० मिलिग्रॅम, मोठ्या मुलांनी चावून. लहानग्यांना चुरून पाण्यातून.

प्रश्न: जंतांची अंडी मुद्दाम घेतल्याने क्रोहन हा आतड्याच्या दाहाचा आजार बरा होतो म्हणतात. ऑनलाइन मिळतात. घेऊ का?

घेऊ नका. डुकरातल्या चाबूककृमीच्या अंड्यांच्या सुरुवातीच्या छोट्या चाचण्या आशादायक होत्या; मोठ्या चाचण्यांत ती प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ डोसापेक्षा, सरस ठरली नाहीत. विकणारे पहिला भाग सांगतात, दुसरा गाळतात. जंत झाडून काढतो म्हणणाऱ्या ‘पॅरासाइट क्लीन्स’च्या चूर्णांचेही तेच. शौचात दिसणारे ‘दोर’ बहुधा श्लेष्म आणि चूर्णातले तंतू असतात. शंका असेल तर नमुना लॅबमध्ये द्या.

प्रश्न: वडील ६४ वर्षांचे, आयुष्यभर कोकणात भातशेती. फुप्फुसाच्या आजारासाठी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू होणार आहे. अल्बेंडाझोल एकदा दिले आहे. पुरे ना?

पुरे नाही, आणि हा प्रश्न स्टेरॉइडच्या पहिल्या गोळीआधीच विचारलात हे फार चांगले झाले. स्ट्राँगिलॉइडिस नावाच्या बारीक कृमीची अळी ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या त्वचेत शिरते. बहुतेक जंत माणसाच्या पोटात संख्येने वाढत नाहीत. हा वाढतो: काही अळ्या आतड्यातच पक्व होऊन पुन्हा त्याच शरीरात शिरतात. म्हणून शेत सोडून दशके लोटली तरी तो असतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेश-सयाम रेल्वेवर राबवलेल्या युद्धकैद्यांत तो कित्येक दशकांनी सापडला.

त्याला आटोक्यात ठेवते ती प्रतिकारशक्ती. स्टेरॉइड तीच दाबते. मग अळ्या बेसुमार वाढतात आणि आतड्यातले जिवाणू अंगावर घेऊन रक्तात, फुप्फुसात, मेंदूच्या आवरणात जातात. दम लागतो, तो मूळ आजार बळावल्याचा समजला जातो, स्टेरॉइड वाढवले जाते आणि रुग्ण दगावू शकतो. अशा वेळी इओसिनोफिल बऱ्याचदा नॉर्मल असतात. त्यावर निर्धास्त राहू नका.

डॉक्टरांना स्पष्ट सांगा: ‘शेतीत अनवाणी काम केले आहे, स्ट्राँगिलॉइडिस तपासायचा का?’ एका नमुन्यात तो वारंवार निसटतो; रक्तातली प्रतिपिंड (अँटिबॉडी) चाचणी आणि शौचाचे अनेक नमुने लागतात. औषध आयव्हरमेक्टिन, दर किलोला २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ६० किलोला १२ मिलिग्रॅम. किती दिवस, ते डॉक्टर ठरवतील. अल्बेंडाझोलच्या एका गोळीचा इथे भरवसा नाही. स्टेरॉइड तातडीचे असेल, तर रिपोर्टची वाट न पाहताही आयव्हरमेक्टिन देता येते, पण स्वतःहून नको. चालू स्टेरॉइडही आपल्या मनाने एकदम बंद करायचे नाही.

सांधेदुखीच्या, दम्याच्या बिननावाच्या पुड्या घरात असतील, तर त्याही डॉक्टरांना दाखवा. त्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडते आणि घेणाऱ्याला पत्ताही नसतो.

प्रश्न: तिसरा महिना चालू आहे. जंताची गोळी घेऊ का?

आत्ता नको. पहिल्या तिमाहीत अल्बेंडाझोल टाळतात. पुढे कधी, ते तुमच्या प्रसूतितज्ज्ञांना विचारा. हिमोग्लोबिन मात्र याच आठवड्यात तपासा. अंकुशकृमी रोज थोडे थोडे रक्त पितो.