अध्यक्ष, सभापती, हंगामी अध्यक्ष: निवडलेले कोण आणि नेमलेले कोण?

प्रश्न असा आला आहे: महाराष्ट्राच्या बातम्यांत विधानसभेचे 'अध्यक्ष' असतात, गोव्याच्या बातम्यांत मात्र विधानसभेचे 'सभापती'. यांतला बरोबर शब्द कोणता? आणि निवडणुकीनंतर राज्यपाल ज्या 'हंगामी अध्यक्षां'ची नेमणूक करतात, तेच पुढे कायम होतात का?

पहिल्या भागाचे उत्तर आधी देतो. दोन्ही शब्द बरोबर आहेत, पण आपापल्या राज्यात. महाराष्ट्रात विधिमंडळाची दोन सभागृहे आहेत. २८८ सदस्यांची विधानसभा आणि ७८ सदस्यांची विधान परिषद. विधानसभेचे ते अध्यक्ष आणि उपाध्यक्ष, परिषदेचे ते सभापती आणि उपसभापती. ही वाटणी कुणा संपादकाच्या आवडीची नाही, संविधानाच्या मराठी पाठातच ती आहे: अनुच्छेद १७८ विधानसभेसाठी, अनुच्छेद १८२ परिषदेसाठी. त्यामुळे महाराष्ट्राविषयी लिहिताना 'विधानसभेचे सभापती' ही सरळ चूक ठरते, कारण सभापती म्हणून दुसरी व्यक्ती दुसऱ्या सभागृहात बसलेली असते.

हा फरक पक्का लक्षात राहावा असा एक योग महाराष्ट्रात खरोखर घडला होता. ३ जुलै २०२२ रोजी राहुल नार्वेकर विधानसभेचे अध्यक्ष झाले, तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते त्यांचे सासरे रामराजे नाईक निंबाळकर. पुढे काही दिवसांतच रामराजेंची परिषदेतली मुदत संपली. पण तेवढ्या काळापुरते जावई अध्यक्ष आणि सासरे सभापती असे चित्र होते. त्या दिवसांत कुणी या दोन शब्दांची अदलाबदल केली असती, तर बातमी भलत्याच माणसाची झाली असती.

गोव्यात ४० आमदारांची एकच विधानसभा आहे, परिषद नाही. तिथे 'सभापती' हा शब्द विधानसभेच्या प्रमुखालाच लागतो आणि गोंधळ होत नाही. मुक्तीनंतरच्या पहिल्या विधानसभेचे पां. पु. शिरोडकर यांच्यापासून आजपर्यंत मराठी-कोंकणी बोलण्यात हेच रूढ आहे. अडचण येते ती 'उपसभापती' या शब्दाशी. पणजीच्या बातमीतला उपसभापती हा विधानसभेचा असतो, मुंबईच्या बातमीतला परिषदेचा. दोन्ही राज्यांतला वाचक असेल तर शब्दाआधी सभागृहाचे नाव जरूर लिहावे.

शब्द म्हणून पाहिले तर दोन्ही फार जुने आहेत. 'सभापती' तर वेदातला. रुद्राध्यायात 'नमः सभाभ्यः सभापतिभ्यश्च वो नमः' असे येते. ज्या घरांत रुद्राची आवर्तने होतात तिथे हा शब्द विधिमंडळे येण्याच्या कितीतरी आधीपासून उच्चारला जातो आहे, आणि तिथे सभा आणि सभापती दोघांनाही एकाच ओळीत नमस्कार आहे हे मला फार मोलाचे वाटते. 'अध्यक्ष' म्हणजे 'अधि' (वर) आणि 'अक्ष' (डोळा). 'प्रत्यक्ष' आणि 'परोक्ष' यांतला जो डोळा, तोच इथे. वरून नजर ठेवणारा तो अध्यक्ष. गीतेच्या नवव्या अध्यायातल्या 'मयाध्यक्षेण प्रकृतिः' या चरणात हाच अर्थ आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणाचे नावच 'अध्यक्षप्रचार'. शेतीवर सीताध्यक्ष, व्यापारी मालावर पण्याध्यक्ष, मद्यावर सुराध्यक्ष असे अधिकारी त्यात आहेत. हे सगळे राजाने नेमलेले, राजाला जबाबदार. आज आपण ज्याला अध्यक्ष म्हणतो तो नेमका याच्या उलट: त्याला सभागृह निवडते आणि सभागृहच दूर करू शकते. शब्द तोच राहिला, अधिकार कुठून येतो ते बदलले.

हा बदल एका दिवसात झालेला नाही. १९१९ च्या कायद्याने प्रांतांची कौन्सिले वाढली, तेव्हा त्यांच्या प्रमुखाला इंग्रजीत 'प्रेसिडेंट' म्हणत. पहिली चार वर्षे तो गव्हर्नरने नेमलेला असे, त्यानंतर कौन्सिलने निवडायचा, आणि तोही गव्हर्नरच्या मान्यतेने. दिल्लीच्या मध्यवर्ती असेंब्लीत १९२५ साली विठ्ठलभाई पटेल निवडून आले, ते त्या असेंब्लीचे पहिले निर्वाचित प्रेसिडेंट. १९३५ च्या कायद्याने प्रांतिक असेंब्लीच्या प्रमुखाला 'स्पीकर' हे नाव दिले. वरच्या सभागृहाचा प्रमुख 'प्रेसिडेंट'च राहिला. या कायद्याखालच्या मुंबई असेंब्लीचे स्पीकर म्हणून १९३७ मध्ये निवडले गेले गणेश वासुदेव मावळंकर. मूळचे रत्नागिरीकडचे, अहमदाबादेत स्थायिक झालेले दादासाहेब. तेच १९५२ मध्ये पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष झाले. संविधानाने राज्याच्या वरच्या सभागृहासाठी 'प्रेसिडेंट' सोडून 'चेअरमन' घेतला. स्पीकरला अध्यक्ष आणि चेअरमनला सभापती ही जोडी मराठीत बसली ती अशी. 'स्पीकर' म्हणजे मुळात राजापुढे सभागृहाच्या वतीने बोलणारा. तो बोलण्याचा भाग मराठीने घेतला नाही आणि 'वक्ता' किंवा 'प्रवक्ता' असे काही केले नाही, हे चांगलेच झाले. आपल्या विधानसभेत अध्यक्ष बोलतात कमी, इतरांना बोलू देणे हेच त्यांचे काम.

खेड्यातल्या वाचकाला 'सभापती' म्हटले की आधी पंचायत समिती आठवते, किंवा बाजार समिती. तिथेही इंग्रजी कायद्यातला चेअरमन म्हणजेच सभापती. जिल्हा परिषदेत तर दोन्ही शब्द एकाच छताखाली आहेत: परिषदेला अध्यक्ष आणि तिच्या विषय समित्यांना सभापती. यावरून अनेकांचा समज होतो की सभापती हा अध्यक्षाच्या हाताखालचा. जिल्हा परिषदेपुरते ते म्हणता येईल. विधिमंडळात अजिबात नाही. परिषदेचे सभापती आपल्या सभागृहात स्वतंत्र आहेत, त्यांच्यावर विधानसभेच्या अध्यक्षांचा कोणताही हुकूम चालत नाही. दुसरा समज राज्यसभेवरून होतो. राज्यसभेचे सभापती हे उपराष्ट्रपती या नात्याने पदसिद्ध असतात आणि त्या सभागृहाचे सदस्य नसतात. विधान परिषदेचे सभापती मात्र सदस्यांतूनच निवडले जातात. डिसेंबर २०२४ मध्ये राम शिंदे निवडले गेले ते असेच.

आता प्रश्नाचा दुसरा भाग. मला खरे महत्त्व याचे वाटते, कारण इथे नामापेक्षा क्रियापदात चूक होते. 'विधानसभा अध्यक्षपदी अमुक यांची नियुक्ती' असे मथळे सर्रास दिसतात. अध्यक्षांची नियुक्ती होत नाही, नेमणूकही होत नाही. त्यांची निवड होते. नियुक्ती होते ती हंगामी अध्यक्षांची, आणि ती राज्यपाल करतात. या दोन क्रियापदांत घोटाळा झाला की अध्यक्षांना अधिकार कुणी दिला याचे उत्तरच चुकते.

नव्या विधानसभेची पहिली बैठक भरते तेव्हा जुन्या अध्यक्षांचे पद त्या बैठकीच्या लगेच आधी संपलेले असते. विधानसभा विसर्जित झाली तरी तोपर्यंत ते पदावर असतात, हेही अनेकांना नवे वाटते. पद रिकामे, उपाध्यक्षही नाहीत, मग सभा चालवायची कुणी? म्हणून अनुच्छेद १८० नुसार राज्यपाल एका सदस्याला नेमतात. प्रघात ज्येष्ठ सदस्याला नेमण्याचा आहे, पण संविधानात ज्येष्ठतेची अट नाही. त्यांचे काम म्हणजे आमदारांना शपथ देणे आणि नव्या अध्यक्षांची निवड पार पाडणे. 'हंगामी' हा शब्द फारसीतल्या 'हंगाम'वरून आलेला, ठरावीक काळापुरता असा त्याचा अर्थ, आणि तो इथे चपखल बसतो. हिंदी वाहिन्यांच्या 'प्रोटेम'ची मराठीला काही गरज नाही.

२०१९ चा नोव्हेंबर याचे उत्तम उदाहरण आहे. आमदारांना शपथ देण्यासाठी कालिदास कोळंबकर हंगामी अध्यक्ष होते. दोन-तीन दिवसांतच सरकार बदलले आणि विश्वासदर्शक ठरावाच्या वेळी त्या आसनावर हंगामी अध्यक्ष म्हणून दिलीप वळसे पाटील होते. १ डिसेंबरला नाना पटोले बिनविरोध निवडले गेले आणि हंगामीपण संपले. म्हणजे हंगामी अध्यक्षच पुढे 'कायम होतात' असे नव्हे. ती वेगळी नेमणूक आहे आणि निवड झाली की आपोआप संपते.

याच पटोलेंनी ४ फेब्रुवारी २०२१ रोजी राजीनामा दिला. अध्यक्षांचा राजीनामा राज्यपालांकडे जात नाही, तो उपाध्यक्षांना उद्देशून लिहायचा असतो; तो नरहरी झिरवाळ यांच्याकडे गेला. पुढे सुमारे सतरा महिने अध्यक्षपद रिकामे राहिले. त्या काळात झिरवाळांना काही ठिकाणी 'हंगामी अध्यक्ष' म्हटले गेले, ते योग्य नव्हे. ते निवडून आलेले उपाध्यक्ष होते आणि पद रिक्त असताना ती कर्तव्ये उपाध्यक्षांकडे आपोआप येतात. कुणी नेमावे लागत नाही. त्यांच्यासाठी 'उपाध्यक्ष' एवढेच पुरेसे होते.

त्याच सतरा महिन्यांत निवडीची पद्धतही बदलली. डिसेंबर २०२१ मध्ये सभागृहाने आपल्या नियमांत दुरुस्ती करून अध्यक्षांच्या निवडीतले गुप्त मतदान काढले. निवडणुकीची तारीख ठरवणे हे काम नियमांनी राज्यपालांकडे ठेवले आहे; त्यावरून सरकार आणि राज्यपाल यांच्यात वाद झाला आणि निवडणूक त्या वेळी झाली नाही. ती झाली जुलै २०२२ मध्ये, सत्तांतरानंतर. आमदारांची शिरगणती झाली, नार्वेकरांना १६४ मते पडली आणि राजन साळवी यांना १०७. इथेही भाषा जपायला हवी: राज्यपाल फक्त तारीख ठरवतात, अध्यक्ष कोण हे ते ठरवत नाहीत.

'तालिका अध्यक्ष' हे आणखी निराळे. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष दोघेही आसनावर नसतील तेव्हा कामकाज चालवण्यासाठी काही सदस्यांची यादी जाहीर केलेली असते. ती तालिका, आणि तिच्यातला जो त्या वेळी आसनावर बसेल तो तालिका अध्यक्ष. परिषदेत तालिका सभापती. हे पद मानाचे आणि थोडक्या वेळाचे असले तरी आसनावर असेपर्यंत अधिकार पूर्ण असतो. ५ जुलै २०२१ रोजी भाजपचे १२ आमदार एका वर्षासाठी निलंबित झाले तेव्हा आसनावर तालिका अध्यक्ष भास्कर जाधव होते. निलंबनाचा ठराव सभागृहाचा होता. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. या सगळ्यांना मिळून एक शब्द हवा असेल तर 'पीठासीन अधिकारी' आहे. सर्व राज्यांच्या अध्यक्ष-सभापतींच्या परिषदेचे नावही तेच. मात्र मतदान केंद्रावरच्या अधिकाऱ्याला इंग्रजीत हीच संज्ञा असली तरी मराठीत तो 'मतदान केंद्राध्यक्ष' असतो.

निवडलेल्या अध्यक्षांना दूर करायचे तर १४ दिवसांची पूर्वसूचना आणि त्या वेळच्या एकूण सदस्यांच्या बहुमताचा ठराव लागतो. हजर असलेल्यांचे बहुमत पुरत नाही. सर्व २८८ जागा भरलेल्या असतील तर १४५ मते हवीत. असा ठराव विचारात असताना ते सभागृहात बोलू शकतात, सदस्य म्हणून मतही देऊ शकतात, पण आसनावर बसू शकत नाहीत. एरवी नेमके उलटे: आधी मत द्यायचे नाही, दोन्ही बाजूंना समान मते पडली तरच निर्णायक मत द्यायचे. त्या अलिप्ततेवर १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने मोठा भार टाकला. पक्षांतर करणाऱ्या आमदाराच्या अपात्रतेचा निर्णय अध्यक्षांकडे आला. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हा निर्णय देताना अध्यक्ष न्यायाधिकरण असतात आणि न्यायालय तो तपासू शकते. म्हणून जानेवारी २०२४ च्या शिवसेना प्रकरणाबद्दल लिहिताना अध्यक्षांनी 'निर्णय दिला' हे बरोबर. 'मत व्यक्त केले' हे चूक.

लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाचीही एक बाब सांभाळायची आहे. एकटा शब्द 'सभापती' असा दीर्घ, पण समासात तो ऱ्हस्व होतो: सभापतिपद, सभापतिपदी. राष्ट्रपती आणि राष्ट्रपतिपद यांचे तसेच. स्त्रीसाठी 'सभापती' जसाच्या तसा चालतो. 'अध्यक्ष'चे 'अध्यक्षा' व्याकरणाने होते, पण पदाचे नाव म्हणून मी 'अध्यक्ष'च लिहीन; सुमित्रा महाजन लोकसभेच्या 'अध्यक्ष' होत्या, असे. महाराष्ट्र विधानसभेत हा प्रश्न अजून प्रत्यक्ष आलेला नाही, कारण तिथे आजवर एकही स्त्री अध्यक्षपदी निवडली गेलेली नाही. येईल तेव्हा 'अध्यक्ष महाराज' या आपल्या जुन्या संबोधनाचे काय करायचे ते सदस्यांना ठरवावे लागेल. 'अध्यक्ष महोदया' हे रूप त्यासाठी तयारच आहे.