जॅक नसलेल्या पोर्टांचे काय करावे?

प्रश्न : एमटी७६२१ ही राउटरची चिप असलेल्या बोर्डावर ओपनडब्ल्यूआरटी २३.०५ (राउटरसाठीची लिनक्स प्रणाली) बसवून मी एक उपकरण तयार केले आहे. स्विचच्या पाच पोर्टांपैकी दोन वापरात आहेत, एकाचा जॅक खोक्याच्या आत झाकला गेला आहे आणि उरलेल्या दोघांना जॅकच नाहीत. हे तिन्ही पोर्ट ब्रिजमधून, म्हणजे पोर्टांना एका जाळ्यात जोडणाऱ्या गटातून, काढले की पुरे का?

उत्तर : ब्रिजमधून काढणे म्हणजे पोर्ट बंद करणे नव्हे, आणि गोंधळ नेमका येथेच होतो. स्विचची मांडणी करण्याच्या जुन्या स्विचकॉन्फिग पद्धतीत पोर्ट व्हीलॅनमधून (स्विचच्या आतल्या आभासी जाळ्यातून) वगळला तरी त्याचा फाय, म्हणजे तारेवरचे विद्युत संकेत हाताळणारा भाग, चालूच राहत असे, आणि केबल लावताच दिवा लागत असे. तुमच्या आवृत्तीत या चिपसाठी डीएसए ही नवी पद्धत आहे, तिच्यात प्रत्येक पोर्ट कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, स्वतंत्र नेटवर्क-उपकरण म्हणून दिसतो. त्यामुळे पोर्ट 'डाउन' केला की कर्नल त्याच्या फायलाही निद्रावस्थेत पाठवतो, ज्यासाठी सर्वसाधारणपणे शून्य क्रमांकाच्या रजिस्टरमधील ११ क्रमांकाचा बिट वापरला जातो.

झाकलेल्या जॅकच्या पोर्टाला म्हणूनच डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे बोर्डावर काय काय आहे ते कर्नलला सांगणाऱ्या वर्णनात, राहू द्यावे, ब्रिजच्या यादीतून काढावे आणि दुसऱ्या कोणत्याही इंटरफेसला जोडू नये. 'आयपी लिंक' या आज्ञेच्या उत्तरात त्याच्यापुढे 'अप' दिसत नसेल तर तो खरोखर बंद आहे. पुढेमागे दुरुस्तीसाठी खोके उघडावे लागले, तर हाच पोर्ट नवे फर्मवेअर न बनवता चालू करता येतो, आणि माझ्या मते ही सोय गमावू नये.

ज्यांना जॅकच नाहीत, ते पोर्ट बंद करण्याची जागा मात्र डिव्हाइस ट्री हीच आहे. एमटी७६२१च्या मूळ फाइलमध्ये शून्य ते चार हे पोर्ट 'डिसेबल्ड' असेच लिहिलेले असतात, आणि बोर्डाच्या फाइलमध्ये ज्यांना 'ओके' म्हटले जाते तेवढेच जिवंत होतात. तेव्हा दुसऱ्या बोर्डाची फाइल उचलली असेल, तर जास्तीच्या 'ओके' ओळी काढून टाकाव्यात. सहा क्रमांकाच्या पोर्टाला कदापि हात लावू नये, कारण स्विच आणि प्रोसेसर यांना जोडणारा दुवा तोच आहे. 'डिसेबल्ड' लिहिल्याने कर्नल पोर्ट वापरत नाही. त्याचा फाय झोपतो की नाही, हे मात्र ड्रायव्हर आणि बूटलोडर (कर्नलच्या आधी चालणारा आरंभीचा प्रोग्रॅम) यांच्यावर अवलंबून असते.

सुरक्षेच्या दृष्टीने एक गोष्ट आवर्जून सांगतो. वीज आल्यापासून कर्नल स्विचचा ताबा घेईपर्यंतच्या काळात अनेक बोर्डांवर स्विच साध्या, अव्यवस्थापित स्विचसारखा वागतो आणि सर्व पोर्ट, बाहेरच्या जाळ्याचा धरून, एकमेकांशी जोडलेले असतात. लिनक्समधील कोणतीही मांडणी काळाच्या या खिडकीपर्यंत पोहोचत नाही. तिचा बंदोबस्त बूटलोडरमध्येच करावा लागतो. झाकलेल्या जॅकला दुसऱ्या संगणकाची केबल लावून उपकरण सुरू करा आणि दिवा केव्हा लागतो, केव्हा विझतो, ते घड्याळ लावून पाहा. म्हणजे तुमच्या बोर्डावर ही खिडकी किती सेकंदांची आहे ते कळेल.