ग्रहणाचे वेध आणि सातवा महिना

"सासूबाईंचं ऐकलं तर मी अंधश्रद्धाळू, नाही ऐकलं तर उर्मट. मग मी विज्ञान शिकून काय केलं?"

७ सप्टेंबर २०२५ च्या खग्रास चंद्रग्रहणाआधी, ऐन गणपतीत ही मुलगी आली. सातवा महिना, गरोदरपणातला मधुमेह, इन्सुलिन चालू. सासूबाईंचं म्हणणं असं की दुपारी १ च्या सुमारास वेध लागले की अन्न बंद. ग्रहणात चिरायचं नाही, शिवायचं नाही, नाहीतर बाळाचा ओठ फाटतो.

माझ्याकडे येणारी अशी बहुतेक भांडणं देवावरून नसतातच. सासूबाई जप करणार, ग्रहण सुटल्यावर अंघोळ करणार. त्याला पुरावा कशाला मागायचा? पण 'चिरलं की ओठ फाटतो' हे शरीराबद्दलचं म्हणणं आहे, ते तपासता येतं. ओठ आणि टाळू जुळायचं काम पहिल्या तीन महिन्यांतच उरकतं. सातव्या महिन्यात विळीवर बसल्यानं काय होणार? उपाशीपोटी इन्सुलिन मात्र साखर धोकादायक इतकी उतरवू शकतं. तिथे तडजोड नाही.

सुनेचंही एक होतं. "विज्ञानानं सिद्ध केलंय" एवढंच ती म्हणे. कशावरून, ते सांगता येईना. मी तिला अल्सरचं उदाहरण दिलं. पोटातला अल्सर (व्रण) ताणामुळे आणि आम्लामुळे होतो, असं डॉक्टरही वर्षानुवर्षं मानत. त्यामागे जंतू आहेत हे दाखवायला १९८४ मध्ये ऑस्ट्रेलियन डॉक्टर बॅरी मार्शल यांनी त्या जंतूंचं द्रावण स्वतःच पिऊन पाहिलं. पुरावे साठत गेले, उपचार बदलले, २००५ मध्ये नोबेल मिळालं. विज्ञानावरचा विश्वास असा अटीवरचा असतो, उद्या पुरावा फिरला तर तोही फिरतो. सासूबाईंच्या विठ्ठलाला ही अट लावून ती त्यांना रोज हरवत होती, आणि त्या रोज जास्त हट्टाला पेटत होत्या.

पुढच्या वेळी सासूबाईही आल्या. त्यांच्या धाकट्या जावेचं बाळ फाटक्या ओठाचं जन्मलं होतं. ग्रहणात भाकऱ्या थापल्या म्हणून सगळ्यांनी तिलाच बोल लावला, त्यांनीही. पहिल्या तीन महिन्यांचं मी त्यांना सांगितलं. बराच वेळ गप्प राहून त्यांनी विचारलं, "म्हणजे तिचं काही चुकलंच नव्हतं?"

गर्भवती, आजारी, लहान मुलं यांना वेधांत सवलत असते, हे त्यांनीच मग पंचांग काढून सुनेला दाखवलं. (ग्रहणाची मिनिटं त्या पंचांगात गणितानंच आलेली असतात, पण तो वाद मी काढला नाही.) दोघींनी ठरवलं, की जेवण आणि इन्सुलिन डॉक्टरांच्या वेळेनं, जप सासूबाईंचा. भाजी सुनेनं दुपारीच चिरून ठेवायची. त्यात मी पडले नाही.