नाताळचा गोठा २६ डिसेंबरलाच आवरायचा का?

नाही, येशूजन्माचा हा देखावा इतक्यात आवरू नका. कॅथलिक दिनदर्शिकेत नाताळचा काळ २५ डिसेंबरला सुरू होतो आणि जानेवारीत प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो. २६ला पहिले रक्तसाक्षी (श्रद्धेसाठी प्राण देणारे) संत स्तेफन, २७ला संत योहान, २८ला हेरोद राजाने मारवलेली बेथलेहेमची निष्पाप बाळं. लाल हा रक्तसाक्ष्यांचा रंग, म्हणून २६ आणि २८ला मिस्सेत (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) धर्मगुरूंचा झगा लाल असतो, ऐन आनंदाच्या दिवसांत! १ जानेवारी मरियामातेचा. मग बाळ येशूच्या दर्शनाला आलेले तीन राजे: गोव्यात कासावलीजवळ कुएलीच्या टेकडीवर ६ जानेवारीला मुकुट घातलेली तीन मुलं घोड्यांवरून चॅपेलकडे जातात. मात्र भारतात चर्चच्या उपासनेत तीन राजांचा सण रविवारी येतो आणि त्यानंतरचा बाप्तिस्म्याचा सणही ठरावीक तारखेला नसतो, त्यामुळे नाताळच्या काळाच्या समाप्तीची तारीख दरवर्षी बदलते. तोवर राजांच्या मूर्ती गोठ्यात असू द्या.