एकाच जागेसाठी भांडणाऱ्या प्रजाती परिसर कसा बदलतात?

खडकाळ समुद्रकिनाऱ्याचं उदाहरण घ्या. तिथे अन्नापेक्षा जागेची मारामारी जास्त. शिनाणे (दोन शिंपल्यांच्या कवचात राहणारे प्राणी), बार्नॅकल (कडक कवचाचे चिमुकले प्राणी), शेवाळ, सगळ्यांना त्याच खडकाला चिकटायचं असतं.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर रॉबर्ट पेन या शास्त्रज्ञाने 1963 पासून एक साधा, जरा दांडगाच प्रयोग केला. खडकाच्या एका पट्ट्यातले तारामासे उपटून समुद्रात फेकायचे, एवढंच. तारामासा शिनाणे खातो. तो गेल्यावर शिनाण्यांना आवरणारं कोणी उरलं नाही आणि ते खालच्या पट्ट्याकडे सरकत बाकीच्यांना ढकलू लागले. पेनने नोंदवलेल्या 15 प्रजातींपैकी 8 उरल्या. म्हणजे तारामासा स्वतः जागेच्या भांडणात नव्हता, पण निकाल तोच ठरवत होता.

मात्र शिनाण्यांना खलनायक ठरवायची घाई नको. त्यांचे दाट थर लाटांचा मारा अडवतात, ओहोटीतही ओल धरतात, गाळ साठवतात. त्यांच्या फटींत किडे, छोटे खेकडे, गोगलगायी राहतात. उघड्या खडकावर यातले बरेच जण उन्हाने वाळून मेले असते. खडकाचा पृष्ठभाग बळकावणारा प्राणीच असा आत नवी घरं तयार करतो. पेनच्या प्रयोगाबद्दल सांगताना ही दुसरी बाजू बहुतेक वेळा राहून जाते.

शिनाणे वर मात्र फार चढत नाहीत. तिथे भरतीचं पाणी थोडाच वेळ असतं, त्यामुळे वरची हद्द मुख्यतः ऊन आणि कोरडेपणा ठरवतात, खालची तारामासा.